पॅलाडिन पतित झाला, हे ठरवायचे कुणी?



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, सहकार, दुष्काळ, संगीत नाटक अशा विषयांवर व्याख्याने झाली. यंदा विषय निवडायचे काम संयोजकांनी माझ्यावरच सोपवले. ‘विज्ञानकथेतल्या रोलप्लेइंग गेम्समधले धर्मयोद्धे’ असे मी फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. निमंत्रणपत्रिकेवर शेवटी ‘आधुनिक खेळ आणि श्रद्धा’ असे छापून आले. तेही चालेल. मी बोलणार आहे ते मात्र धर्मयोद्ध्यांबद्दलच.

समोर बसलेल्या तरुण मंडळींना खेळाची ओळख करून द्यायला नको, पण पुढच्या रांगांसाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे सगळे जग त्याच्या ताब्यात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. खेळाडू म्हणतो, ‘मी दार उघडतो’. दारामागे काय आहे ते गेम मास्टर सांगतो. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासे पडतात. पट असेलच असे नाही, जिंकणे-हरणे तर नाहीच. गोष्ट पुढे सरकत राहते, कधी एका संध्याकाळपुरती, कधी वर्षानुवर्षे.

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. कर्ते दोन, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या आणि त्यांत पात्रांचे वर्ग तीनच: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे चिलखत घालणारा पाद्री. हा पाद्री कसा आला ती हकिगत मजेची आहे. आर्नेसनच्या मित्रमंडळींच्या खेळात एका खेळाडूचे पात्र व्हँपायर होऊन बसले आणि इतके माजले की कुणाला आवरेना. तेव्हा भयपटांतल्या व्हँपायरच्या शिकाऱ्यांवरून क्रूस उगारणारे एक पात्र बेतले गेले. धर्म या खेळात शिरला तो असा, माजलेल्या गड्याला वेसण घालायला. मागाहून त्यावर मध्ययुगाचे कलम झाले. पाद्र्याने धारदार शस्त्र वापरायचे नाही, गदा चालेल. म्हणजे रक्त सांडायला बंदी, डोके फोडायला मुभा. मंत्रांच्या यादीत काठीचा साप करणे, कीटकांची धाड आणणे, मेलेल्याला उठवणे. बायबलातले ‘निर्गम’ ज्याने वाचले आहे त्याला यातले दोन-तीन चमत्कार कुठून उचलले ते सांगायला नको.

पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत पॅलाडिन अवतरला. शार्लमेन बादशहाच्या दंतकथांतले बारा सरदार हे मूळचे पॅलाडिन. गायगॅक्सच्या हाती ते लागले पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून. तिचा नायक डॅनिश इंजिनिअर आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढता लढता तो एका जादूच्या दुनियेत जाऊन पडतो, आणि दगड झालेल्या राक्षसाच्या सोन्याला शाप का असतो याचा उलगडा किरणोत्सर्गाने करतो. खेळातल्या पहिल्या धर्मयोद्ध्याच्या रक्तात विज्ञानकथा होतीच म्हणायची.

पॅलाडिन हात लावून जखम बरी करतो, रोग त्याला शिवत नाही. त्या बदल्यात जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त जवळ ठेवायच्या नाहीत, वरकड धन दान करायचे. आणि सगळ्यात जाचक कलम असे की, धर्माविरुद्ध एक कृत्य घडले तर पद गेले, ते पुन्हा मिळत नाही. या कलमावरून टेबलांवर जेवढी भांडणे झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून झाली असतील. गुहेत राक्षसांची पिल्ले सापडली, मारायची की सोडायची? शरण आलेला दरोडेखोर सोडला आणि त्याने पुढे गाव जाळले, पाप कुणाचे? निकाल गेम मास्टरचा. देव तोच, फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. खेळाडू चिडला तर नवल नाही. खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिनचे बळ जितके देवाकडून तितकेच त्याच्या न्यायनिष्ठेतूनही येते असे लिहून हा ताण बराच सैल केला गेला.

माझ्या मते भांडणाचे मूळ आणखी खाली आहे. त्या जगात देव असल्याची ग्वाही खुद्द नियमपुस्तक देते. रोज सकाळी प्रार्थना केली की ठरलेले मंत्र हाती पडतात, आणि पडले नाहीत तर काहीतरी बिनसले हे लगेच कळते. अशा माणसाला श्रद्धा कशाला हवी? तो देवाचा पगारी नोकर आहे. धर्मयोद्ध्याचे पात्र मनापासून वठवायचे असेल तर नियमपुस्तकाने देवाची बाजू घेता कामा नये, आणि ती सोय विज्ञानकथेत आपसूक होते. विज्ञानकथेच्या जगात चमत्कार घडला तर शंका घ्यायला जागा उरते: परग्रहावरचे यंत्र असेल, मेंदूतले काही रसायन असेल, कुणी रचलेला बनाव असेल. तिथला धर्मयोद्धा पुराव्याविना तलवार उपसतो. म्हणून तो जास्त खरा वाटतो आणि जास्त भीतिदायकही.

सुरुवातीला मात्र विज्ञानकथेच्या खेळांनी हा विषय टाळलाच. १९७७ साली मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ आला. तारकासाम्राज्यात पात्राला आधी नोकरी करावी लागते: नौदल, मरीन, पायदळ, स्काउट, व्यापारी जहाज आणि ‘इतर’. खेळ सुरू होण्यापूर्वीच, पात्र घडवता घडवता, ते नोकरीत मरू शकते, आणि त्या नियमासाठी तो खेळ आजही ओळखला जातो. नोकऱ्यांच्या यादीत पाद्री, भिक्षू, मुल्ला कुणीच नाही. त्या काळच्या तंत्रज्ञ मनाला भविष्यातला माणूस जहाजाचे गहाणखत घेऊन फिरणारा दिसला, जपमाळ घेऊन फिरणारा दिसला नाही. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? मराठी विज्ञानकथा विज्ञानप्रसाराचे बोट धरून वाढली. डॉ. जयंत नारळीकरांनी एका हाताने कथा लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. त्या वळणात श्रद्धा तपासून पाहायची वस्तू राहिली. पात्राच्या आत शिरून ती जगून पाहावी, असे फारसे कुणाला वाटले नाही.

कादंबरीकार मात्र तोवर पुढे गेले होते. वॉल्टर मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता, इटलीतल्या माँते कासिनोच्या मठावरच्या हल्ल्यात त्याचा सहभाग होता. नंतर तो कॅथलिक झाला आणि अणुयुद्धानंतर विज्ञानाचे कागद जपून ठेवणाऱ्या मठाची गोष्ट त्याने लिहिली, ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’. फ्रँक हर्बर्टचे ‘ड्यून’ १९६५ चे. त्यात एक भगिनीसंघ ग्रहाग्रहांवर आधीच भविष्यवाण्या पेरून ठेवतो, म्हणजे पुढेमागे आपल्यापैकी कुणी अडचणीत आली तर तिला ‘ती हीच’ म्हणून आसरा मिळावा. नायक या पेरलेल्या भविष्यवाणीवर स्वार होतो आणि पुढच्या भागात त्याच्या धर्मयुद्धाचा हिशेब येतो: ६१ अब्ज मृत. बनाव आहे हे ठाऊक असलेला माणूसच प्रेषित होऊन बसतो, आणि अनुयायांची श्रद्धा मात्र सोळा आणे खरी.

खेळांनी ही उसनवारी केली ती आपापल्या कुवतीनुसार. १९८७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या एकाच वर्षी दोन टोके दिसली. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’चा रोलप्लेइंग गेम निघाला. जेडाय म्हणजे प्रकाशाची तलवार घेतलेला संन्यासी. त्याच्या हातून काळे कृत्य झाले की त्याच्या नावावर एक गुण चढतो, मग एक फासा टाकायचा. फाशावरचा आकडा साठलेल्या गुणांपेक्षा कमी आला की जेडाय अंधाराकडे गेला. पात्र खेळाडूच्या हातातून जाते आणि गेम मास्टरच्या खलनायकांत सामील होते. न्यायाधीशाच्या जागी इथे फासा बसला. भांडण मिटते हे खरे, पण पतन हे अपघातासारखे होऊन जाते. मला हा नियम आवडतो आणि पटत नाही, दोन्ही.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपने रिक प्रिस्टलीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ बाजारात आणला. तो मुळात शिशाच्या बाहुल्यांचा युद्धखेळ, पण त्याच जगावर २००८ मध्ये ‘डार्क हेरेसी’ हा रोलप्लेइंग गेम आला, ज्यात खेळाडू पाखंड शोधणाऱ्या अधिकाऱ्याचे हस्तक असतात. या जगाजवळ जरा थांबायला हवे. दहा हजार वर्षांपूर्वी मरणोन्मुख झालेला सम्राट सोन्याच्या आसनावर, यंत्रांच्या आधाराने, ना जिवंत ना मृत असा बसून आहे. त्याला टिकवायला रोज हजार माणसांचा बळी जातो. लाखो ग्रहांवर त्याची देव म्हणून पूजा होते. पूजा न करणाऱ्याला जाळतात.

या गोष्टीचा उपरोध नंतरच्या कादंबऱ्यांनी आणखी धारदार केला. सम्राट शुद्धीवर होता तेव्हा तो कट्टर निरीश्वरवादी होता. देवळे पाडत, पोथ्या जाळत त्याने साम्राज्य उभारले. लोर्गार नावाच्या त्याच्या एका पुत्राने त्यालाच देव मानून नगर वसवले, तर सम्राटाने ते नगर राख करून मुलाला त्या राखेत गुडघे टेकायला लावले. तो पुत्र पुढे बंडखोरांना जाऊन मिळाला. आणि सम्राट गलितगात्र झाल्यावर साम्राज्याने धर्मग्रंथ म्हणून उचलला तो त्याच पुत्राचा जुना ग्रंथ! म्हणजे या जगातला प्रत्येक धर्मयोद्धा ज्या देवासाठी लढतो, त्या देवाने त्यालाच पाखंडी ठरवले असते. आणखी एक तपशील मला फार आवडतो. तिथल्या धर्मपीठाच्या हाती एकदा सारी सत्ता एकवटली, म्हणून कायदा झाला की धर्मपीठाने सशस्त्र पुरुष बाळगू नयेत. धर्मपीठाने कायदा अक्षरशः पाळला आणि सशस्त्र स्त्रियांची फौज उभारली. कायद्याची अशी पळवाट काढणारा धर्माधिकारी ज्याने रंगवला, त्याने संस्थात्मक धर्म जवळून पाहिला असणार.

इथे पतन कोण ठरवते? शासन. प्रत्येक जण दुसऱ्यावर पाळत ठेवून असतो. टेबलावर हे वठवताना जो गारठा जाणवतो तो राक्षसांच्या गुहेत कधीच जाणवत नाही. अडचण अशी की उपरोध कळायला वेळ लागतो, चिलखत मात्र पाहताक्षणी आवडते. २०२१ च्या नोव्हेंबरात, स्पेनमधल्या एका स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे मिरवत आल्यानंतर, कंपनीला जाहीर निवेदन काढावे लागले: आमच्या जगातले साम्राज्य द्वेषावर चालते, आम्ही नाही, हा सारा इशारा आहे, आदर्श नव्हे. निवेदन चांगलेच होते. पण जो माल चौतीस वर्षे सम्राटाच्या सैनिकांना देखणे करून विकला, त्यासोबत इशाऱ्याची चिठ्ठी इतक्या उशिरा जोडली, हेही म्हटले पाहिजे.

मला स्वतःला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो १९९६ चा ‘फेडिंग सन्स’. बिल ब्रिजेस आणि अँड्र्यू ग्रीनबर्ग यांचा. पन्नासावे शतक चालू आहे, प्रजासत्ताक कोसळले आहे, सरंजामशाही परतली आहे आणि आकाशातले सूर्य मंद होत चालले आहेत. का, ते कुणाला माहीत नाही. चर्च म्हणते, माणसाच्या पापाने, यंत्रांच्या हव्यासाने. या चर्चमध्ये एकच रंग नाही. लढवय्या भिक्षूंचा ‘ब्रदर बॅटल’ संघ आहे, त्यांच्या ग्रहाचे नाव ‘दे मोले’, म्हणजे १३१४ मध्ये पॅरिसला जाळल्या गेलेल्या, टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती संन्यासीसंघाच्या शेवटच्या प्रमुखाची आठवण. आगीचा फवारा मारणारी बंदूक घेऊन पाखंड्यांच्या मागे लागणारे आहेत. रुग्णसेवा करणारा, कुणाला परका न म्हणणारा संघ आहे. गूढविद्येच्या नादी लागल्याने इतरांच्या डोळ्यांवर आलेले तपस्वीही आहेत. एकाच गटात हे तिघे-चौघे बसवा, गेम मास्टरला खलनायक आणावा लागत नाही.

या खेळाची खरी करामत दोन नियमांत आहे. पात्राच्या आंतरिक गुणांत श्रद्धा आणि अहं ही जोडी एकमेकांसमोर ठेवली आहे. एक फार वाढवला की दुसऱ्याला वाव उरत नाही. आणि धर्मविधींनी शक्ती मिळवणाऱ्याला एक आंतरिक रोग जडू शकतो, गर्वाचा. मनःशक्ती वापरणाऱ्याच्या वाट्याला त्याचेच काळे जुळे रूप येते, पण भक्ताच्या वाट्याला येतो गर्व! आपल्याकडच्या कीर्तनकारांना यात नवल वाटणार नाही. सूर्य का विझत आहेत याचे उत्तर खेळ ठामपणे देत नाही. त्यामुळे चर्च बरोबर असेल, चूक असेल, अर्धे बरोबर असेल, या तिन्ही शक्यता टेबलावर जिवंत राहतात.

२०२१ मध्ये मोडिफिअस या प्रकाशकाने काढलेल्या ‘ड्यून’च्या खेळात पात्राच्या पाच प्रेरणा आहेत: कर्तव्य, श्रद्धा, न्याय, सत्ता आणि सत्य. त्यांतल्या बलवान प्रेरणांशी खेळाडू स्वतः एकेक विधान लिहितो. खेळात ते विधान आणि प्रसंग यांची टक्कर झाली की दोनच वाटा: विधानाला धरून राहायचे किंवा ते खोडायचे. खोडणारा हात खेळाडूचाच.

या वाटेने सगळ्यात पुढे गेलेला खेळ विज्ञानकथेचा नाहीच, तरी त्याचे नाव घेतो. व्हिन्सेंट बेकर यांचा २००४ चा ‘डॉग्ज इन द व्हाइनयार्ड’. बेकर मॉर्मन घरात वाढले. त्यांचे धर्मयोद्धे म्हणजे वाळवंटातल्या श्रद्धाळू वस्त्यांतून फिरणारी, कमरेला पिस्तूल लावलेली कोवळी पोरे. गावात पाप कुठे मुरले आहे ते शोधायचे आणि निवाडा करायचा. शब्दाने भागले नाही तर हातघाई, हातघाईने भागले नाही तर पिस्तूल. प्रत्येक पायरी चढलात की नवे फासे हाती येतात, म्हणजे हिंसेचा मोह नियमातच कालवला आहे. आणि गेम मास्टरला सक्त ताकीद की निवाडा योग्य की अयोग्य यावर आपले मत लादायचे नाही. पोरांनी निरपराध माणसाला गोळी घातली तरी आकाशातून आवाज येणार नाही. काही खेळाडूंनी हेच नियम उचलून जेडाय खेळून पाहिले, ते उगाच नव्हे.

आता एक कटू प्रकरण. विज्ञानकथेच्या पायावर पूर्ण धर्मव्यवस्था उभारणारा पहिला छापील खेळ १९७५ चा, ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’. कर्ते एम. ए. आर. बार्कर, मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक, उर्दू आणि बलुची शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ. तरुणपणी भारतात असताना त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांच्या टेकुमेल ग्रहावर पृथ्वीवरून आलेल्या माणसांचे वंशज राहतात. तो ग्रह एका उत्पातात साऱ्या विश्वापासून तुटला, आकाशात तारेही उरले नाहीत. तिथले वीस देव म्हणजे खरे तर दुसऱ्या मितीतले बलाढ्य परके जीव, पण पुजाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही; त्याला देऊळ, कुळ, पंगतीतला मान यांची चिंता. युरोपीय मध्ययुगाबाहेरचा असा धर्म तोवर कुणी खेळात रचला नव्हता. बार्कर २०१२ मध्ये वारले. १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली एक नवनाझी कादंबरी त्यांचीच होती हे टेकुमेल फाउंडेशनने २०२२ मध्ये मान्य केले. दुसऱ्यांच्या धर्माची इतकी सूक्ष्म समज असलेला माणूस ज्यूद्वेषाचे पुस्तक लिहितो. समज आणि करुणा हातात हात घालून चालतात अशी माझी समजूत होती, ती या प्रकरणाने काढून घेतली. टेकुमेल खेळायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तो मांडत नाही.

परवा एका विद्यार्थ्याने विचारले, आपल्या मातीतला धर्मयोद्धा अंतराळात नेता येईल का? संतांना यात ओढू नये असे मला वाटते. भावना दुखावण्याचे कायद्यातले कलम बाजूला ठेवले तरी, संतांच्या हाती लेझर बंदूक देण्यात कल्पकता नाही. पण अठराव्या शतकातले नागा गोसावी घ्या. अनुपगिरी गोसावी, ज्याला हिंमतबहाद्दर म्हणत. १७६१ ला पानिपतावर तो अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या बाजूने, म्हणजे आपल्या विरुद्ध, उभा होता. १७६४ ला बक्सारला इंग्रजांविरुद्ध लढला, पुढे महादजी शिंद्यांच्या आसऱ्याला आला. महादजी आजारी पडले तेव्हा याने चेटूक केले असा आळ आला, आणि मराठा सरदार अली बहाद्दरांनी त्याला पाठीशी घातले म्हणून मराठी छावणीतच तेढ पडली. अखेर १८०३ मध्ये तो इंग्रजांना मिळाला. संन्यासी, सेनापती, भाडोत्री, सगळे एकाच देहात. त्या काळचे गोसावी व्यापार करत, सावकारी करत, पेशवाईच्या पुण्यातही त्यांच्या पेढ्या होत्या. टेम्पलरांनीही हेच केले होते.

हा आखाडा उचलून तारकामार्गांवर ठेवा. दोन ग्रहांमधला प्रवास वीस वर्षांचा. त्या वाटेवर हुंडी वटवणारे, माल राखणारे, दीक्षा घेतलेले सशस्त्र संन्यासी. ते खरेच भक्त आहेत की भक्ती हा धंद्याचा गणवेश आहे, हे नियमपुस्तकाने सांगायचे नाही. महादजींचे आजारपण चेटकाने की रोगाने, हेही नाही. चेटकाचा आरोप झाला तर गेम मास्टरने गप्प बसायचे, फासेही बाजूला ठेवायचे. टेबलावरचे बाकीचे खेळाडू आखाड्याचे पंच होतील, साक्षी काढतील आणि आपल्याच सोबत्याला वाळीत टाकायचे की नाही ते मतांनी ठरवतील. त्या विद्यार्थ्याला ही चौकट पसंत पडली, पण त्याने लगेच पुढचे विचारले: आरोपीच्या पात्राचे मत मोजायचे का? संन्यासी स्वतःच्या निवाड्याला बसू शकत नाही असे माझे म्हणणे, आणि बसायलाच हवा असे त्याचे. पुढच्या महिन्यात आम्ही तो खेळ दोन्ही प्रकारे मांडणार आहोत. इथल्या कुणाला पंच व्हायचे असेल तर व्याख्यानानंतर मला भेटा.